मासोळीछाप एक किलो

मी एक जुना लोखंडी ठोकळा आहे, मित्रांनो. एक किलोचा. तराजूच्या एका पारड्यात साखर आणि दुसऱ्या पारड्यात काळे, सहा बाजूंचे वजन, असे दृश्य तुम्ही कधी पाहिले असेल तर मला ओळखाल. पाहिले नसेल तरी माझा राग नाही. हल्ली आकडे दाखवणारे वजनकाटे आले आहेत आणि माझी बरीचशी भावंडे भंगारात गेली आहेत. मी मात्र अजून जागेवर आहे. मला सहजासहजी कोणी हलवत नाही आणि माझे मतही सहजासहजी हलत नाही. एकदा मात्र ते चांगलेच हलले. ती हकीकत माझी आहे, आणि तितकीच एका वकीलबाईंचीही आहे.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. ज्यांना पुढे सगळे 'मालक' म्हणू लागले, ते तेव्हा दोन माणसे हाताशी घेऊन ओतकाम करणारे साधे ओतारी होते. त्यांनी वाळूच्या साच्यात लोखंडाचा लालबुंद रस ओतला. मी थंड झालो तेव्हा माझ्या पाठीवर एक मासोळी उमटली होती. मालकांना सुट्टीच्या दिवशी गळ टाकून बसायचा भारी नाद. कधी मोठा मासा लागल्याचे ऐकिवात नाही, पण कारखान्याची खूण मात्र मासोळीच ठरली.

माझ्या पोटाखाली मुद्दाम एक खळगा ठेवलेला आहे. ओतताना लोखंड नेमके एक किलो कधीच भरत नाही. म्हणून थोडे कमीच ओततात, मग त्या खळग्यात शिसे भरून कसर पुरी करतात. त्या शिशावर सरकारी निरीक्षक शिक्का मारतात. दर दोन वर्षांनी पुन्हा तपासणी आणि पुन्हा शिक्का. मालक नव्या कामगारांना नेहमी सांगत, "शिक्का नसेल तर हे वजन नाही. नुसतं लोखंड आहे. फार तर दाराला टेकू द्यायला घ्या."

मला त्या बोलण्याचा फार राग यायचा. अरे, शिक्का असो नसो, मी एक किलो तो एक किलोच! दुसऱ्याच्या ठशाने माझ्यात काय भर पडणार? हे माझे मत मी पुढे चाळीस वर्षे उराशी बाळगले.

त्या शेडमधून पहिला पास झालेला तुकडा मीच, म्हणून मालकांनी मला विकले नाही. विक्रीच्या टेबलावर मला मानाची जागा मिळाली. लांबलांबचे दुकानदार येत, आपली वजने माझ्यासमोरच्या पारड्यात ठेवत आणि काटा मधोमध थांबला की समाधानाने हसत. मालक मला थोपटत म्हणत, "हा आमचा थोरला." माझी छाती लोखंडाची नसती तर तेव्हाच फुगली असती.

मालकांचे दोन नियम होते. पहिला भिंतीवर रंगवलेला होता: नापास झालेले वजन घणाने फोडल्याशिवाय फाटकाबाहेर जाणार नाही. दुसरा पुढे शेडचा मोठा कारखाना झाला, रीतसर कंपनी स्थापन झाली, तेव्हा तिच्या नियमावलीत आला. मालकांचे म्हणणे असे होते, "शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. बरोबर आहे. पण चढायची वेळ आलीच, तर घरातल्या तिघांनी मिळून चढावी." घरातले तिघे म्हणजे त्यांचा मुलगा, त्यांची मुलगी आणि त्यांची बहीण. कारखान्यात त्यांना सगळे दादा, ताई आणि आत्या म्हणत. तिघेही कंपनीचे संचालक. मालकांच्या पश्चात कोर्टकचेरीचा कुठलाही निर्णय तिघांनी एकत्र बसूनच घ्यायचा, असा नियम त्यांनी वकिलांच्या भाषेत लिहवून घेतला.

मग मालक गेले. वजनकाटे आले आणि विक्रीचे टेबलही गेले. कारखाना आता यंत्रांचे सुटे भाग ओतू लागला, वजने थोडीच. मला वरच्या मजल्यावर सभेच्या खोलीत नेले आणि कागद उडू नयेत म्हणून टेबलावर बसवले. माझ्यावर जीव होता तो एकट्या म्हाताऱ्या कारकुनांचा. ते रोज सकाळी आले की खिशातून फडके काढून मला घासूनपुसून चकचकीत करत. तपासणीला न्यायचे मात्र त्यांच्याही ध्यानात आले नाही. कागदांवर बसणाऱ्याला शिक्का कशाला हवा? वर्षे गेली. मी खिडकीकडे तोंड करून बसून राहिलो.

आता तुम्हाला एक गोष्ट समजावून सांगायला हवी. कंपनी म्हणजे कोण? मी इतकी वर्षे तिच्या टेबलावर बसलो, पण मला ती कधी दिसली नाही. दादा दिसले, ताई दिसल्या, भट्टीवरची माणसे दिसली. कंपनीला स्वतःचे तोंडच नसते. म्हणून तिच्या वतीने कोर्टात बोलायला वकील लागतो. पण हा वकील कंपनीनेच नेमला आहे हे कळणार कसे? त्यासाठी संचालकांची सभा भरते, ठराव होतो, तो वहीत लिहिला जातो आणि हजर असलेले खाली सह्या करतात. ती सही म्हणजे वकिलाच्या पोटाखालचा शिक्काच म्हणा ना.

वकीलबाई आमच्याकडे आल्या त्या एका वाईट बातमीमुळे. बाजारात मासोळीची खूण असलेली हलकी वजने सापडू लागली होती. एक किलोच्या नावाखाली तीस-चाळीस ग्रॅम कमी. एक घाऊक व्यापारी ती वरून काळा रंग देऊन खेडोपाडीच्या छोट्या दुकानांना विकत होता. गिऱ्हाईक फसत होते आणि शिव्या आमच्या मासोळीला बसत होत्या. कंपनीने व्यापाऱ्यावर खटला भरला आणि तो वकीलबाईंकडे सोपवला.

वकीलबाई म्हणजे मध्यम वयाच्या, बारीक अंगाच्या, पायात कायम सपाट चपला. विचार करताना मला हातात घेऊन या तळव्यावरून त्या तळव्यावर टाकायची त्यांना सवय होती. दोन वर्षे त्यांनी दुकाने पालथी घालून साक्षीदार गोळा केले. काम त्यांनी जिवाचे रान करून केले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे.

आणि मग घरातच भांडण लागले. दादा एके दिवशी म्हणाले, "खटला मागे घ्या. पुरे झालं." ताई म्हणाल्या, "का म्हणून?" दादा कारण सांगेनात आणि ताई ऐकेनात. बघता बघता दोघांत विस्तव जाईनासा झाला. एकाच व्हरांड्यातल्या शेजारशेजारच्या खोल्यांत बसून दोघे कारकुनांच्या हाती एकमेकांना पत्रे धाडू लागले. कारकून बिचारे दिवसातून दहा वेळा सहा पावले टाकून टपाल पोचवत.

दादांनी वकीलबाईंना बोलावून बजावले, "व्यवस्थापक मी आहे. मी सांगतो ते करायचं." वकीलबाई म्हणाल्या, "तिघांचा ठराव आणा, आजच मागे घेते. एकट्याच्या शब्दावर नाही." दादा तणतणत गेले आणि त्यांनी परस्पर दुसरे वकील नेमले.

पुढच्या तारखेला वकीलबाई मला कापडी पिशवीत घालून कोर्टात घेऊन गेल्या. खरे मासोळीचे वजन कसे असते, त्याचा नमुना म्हणून! मी मनातून फार खूश होतो. इतक्या वर्षांनी पुन्हा कोणीतरी माझ्यासमोर खोट्याला तोलणार होते.

पुकारा झाला आणि कंपनीतर्फे दोन वकील उभे राहिले. न्यायाधीशांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"कंपनी एक आणि तिच्या वतीनं बोलणारे दोन. या म्हणतात चालवा, हे म्हणतात मागे घ्या. मी ऐकू कोणाचं?"

"साहेब, मला खुद्द व्यवस्थापकांनी नेमलंय," दादांचे वकील म्हणाले.

"मला संचालकांच्या सभेनं नेमलंय," वकीलबाई म्हणाल्या.

"सोमवारी दोघंही आपापले कागद आणा. सभेची मूळ वही पण आणा. तुम्हाला बोलायचा अधिकार आहे का, ते आधी बघू. मग काय बोलायचंय ते ऐकू."

तेवढ्यात व्यापाऱ्याचे वकील पुढे आले. त्यांनी मला उचलले आणि सगळ्यांदेखत उलटे केले. माझ्या पोटाखाली कोणी निरखून पाहिल्याला अकरा वर्षे झाली होती.

"साहेब, हा यांचा नमुना. शेवटचा शिक्का अकरा वर्षांपूर्वीचा. हा आमच्या वजनांना हलकं म्हणणार?"

न्यायाधीशांनी मला हातात घेतले, शिशावरचा पुसट ठसा पाहिला आणि वकीलबाईंना परत दिले. "हे वजन नाही हो, बाई. हे नुसतं लोखंड आहे."

मालकांचेच शब्द! भर कोर्टात माझे तोंड काळे झाले असते, पण ते आधीपासूनच काळे. वकीलबाईंनी मला पिशवीत ठेवले आणि त्या बाहेर पायऱ्यांवर आल्या. मग पिशवीत डोकावून म्हणाल्या, "चल बाबा. आधी तुझं तपासून घेऊ, मग माझं."

निरीक्षकांच्या कचेरीत काचेच्या पेटीत एक नाजूक तराजू होता. एका पारड्यात पितळेचे सरकारी वजन आणि दुसऱ्यात मी. मला अजिबात धाकधूक नव्हती. काटा हलला, डुलला आणि थांबला. मधोमध नाही. माझे पारडे वर होते.

"तीन ग्रॅम कमी," निरीक्षक म्हणाले. "रोज कोणी घासून पुसतं का याला?"

"हो. आमचे कारकून."

"मग झिजणारच. मायेनं पुसलं तरी लोखंड झिजतं. आणि वजनाला स्वतःला ते कधी कळत नाही. दुसऱ्यासमोर बसवावं लागतं."

मित्रांनो, तेव्हा मला काय वाटले ते कसे सांगू! मी खोटा होतो. चोर नव्हतो, कोणाला फसवायचे माझ्या मनातही नव्हते. पण इतकी वर्षे मी बरोब्बर एक किलो असल्याच्या तोऱ्यात बसलो होतो आणि नव्हतो. निरीक्षकांनी माझ्या खळग्यात चिमूटभर शिसे ओतले, पुन्हा तोलले आणि हातोडीच्या एका ठोक्यात नवा शिक्का उमटवला. तो ठोका मला लागला. पण मी हूं की चूं केले नाही.

दुसऱ्या दिवशी वकीलबाई सभेच्या वहीपुढे बसल्या. त्यांच्या नेमणुकीचा ठराव दोन वर्षांपूर्वीच्या वहीत होता. खाली तीन सह्या: दादा, ताई, आत्या. सगळे यथास्थित होते. वकीलबाईंचा चेहरा खुलला. मग सहज म्हणून त्यांनी चालू वर्षाची वही चाळली, आणि त्या थबकल्या. पुढच्या महिन्याच्या पानावर नुसती तारीख होती, सभा व्हायची होती, पान कोरे होते. खाली आत्यांची सही मात्र होती. त्याच्या पुढच्या महिन्यातही होती. वर्षअखेरीपर्यंतच्या सगळ्या सभांना आत्या आजच हजर होत्या.

"हे काय हो?" त्यांनी कारकुनांना विचारले.

कारकुनांना त्यात वावगे काहीच वाटत नव्हते. "आत्यांचे गुडघे धरतात ना. जिना चढवत नाही. म्हणून वर्षाच्या सुरुवातीला मीच वही घरी नेतो, त्या बाराही पानांवर सह्या करून टाकतात. सहा वर्षं झाली. दादा आणि ताई इथं बसतात, आत्यांची सही असतेच."

"माझ्या नेमणुकीच्या वेळी आत्या या खोलीत होत्या?"

"छे हो. पण त्यांची ना नसतीच."

वकीलबाईंनी मला उचलले आणि या तळव्यावरून त्या तळव्यावर टाकत राहिल्या. तिघांनी एकत्र बसून नेमायचे होते, बसले होते दोघेच. दोन वर्षांचे काम, शेकडो कागद, आणि पायाखाली शिक्काच नाही. बातमी ऐकून ताई धावत आल्या आणि त्यांनी दार लावून घेतले.

"हे कारखान्याबाहेर कोणाला माहीत नाही ना? दादाही बोलणार नाही, तोही त्या सभेला बसला होता. पुढची कोरी पानं काढून टाकू. जुन्या वहीत काहीच दिसत नाही. दादाच्या वकिलाकडे तर एकट्या दादाची सही आहे. तुम्ही गप्प राहिलात की जिंकलात."

"ताई, मी गप्प राहू शकत नाही."

"अहो, तुम्ही माझ्या वकील आहात!"

"मी तुमची वकील नाही. दादांचीही नाही. कंपनीची आहे. आणि तीही आहे की नाही, तेच कळेना झालंय."

"खटला गेला तर तो लबाड खुशाल हलकी वजनं विकत बसेल. चालेल तुम्हाला?"

"नाही चालणार. पण खोट्या मापानं खोटं माप पकडायचं म्हणजे काय, ते तुम्हीच सांगा. पानं फाडू नका, ताई. वही जशी आहे तशीच सोमवारी न्यायची आहे."

त्यांचा आवाज चढला नाही. ताई पाय आपटत गेल्या. वकीलबाई मात्र वही पुन्हा पहिल्या पानापासून वाचू लागल्या. मला त्यांची काळजी वाटत होती, पण त्याहून जास्त अभिमान वाटत होता.

सोमवारी त्या कोर्टात उभ्या राहिल्या आणि सरळ म्हणाल्या, "साहेब, माझी नेमणूक नियमाप्रमाणं झालेली नाही. मला ते गेल्या आठवड्यात कळलं. ही वही पाहा." दादांच्या वकिलांना इतका आनंद झाला की त्यांना बसायचे भान राहिले नाही. न्यायाधीशांनी त्यांचाही कागद पाहिला. त्यावर एकच सही.

"म्हणजे आज कंपनीतर्फे इथं कोणीच नाही," न्यायाधीश म्हणाले. "शुक्रवारी सकाळी नीट नेमलेलं कोणी उभं राहिलं, तर खटला चालेल नाही तर मागे घेतला जाईल, ते सांगतील तसं. कोणीच आलं नाही तर मी तो काढून टाकीन." मग वहीतल्या सह्यांकडे पुन्हा एकदा पाहून म्हणाले, "आत्याबाई फारच वक्तशीर दिसतात."

सगळे हसले. वकीलबाई हसल्या नाहीत. हातात फक्त चार दिवस होते.

त्या तडक आत्यांच्या घरी गेल्या. आत्या दारात खुर्ची टाकून मटार सोलत होत्या. सगळे ऐकून घेतल्यावर त्या फणकारल्या, "सही केली म्हणजे मी होतेच की! माझा सगळा जीव त्या कारखान्यात असतो."

"आत्या, जिवाची हजेरी लागत नाही. माणसाला यावं लागतं."

"मग सभा घे ना तू. सांग सगळ्यांना."

"मला तो अधिकार नाही. आजच्या घडीला मी तुमची कोणीच नाही. तुम्ही संचालक आहात, तुम्ही बोलवा."

"आणि जिना? तो काय तुझा नियम चढणार?"

"सभा वरच्याच मजल्यावर भरवायची असं नियमावलीत कुठंही नाही. तीनदा वाचलीय मी."

आत्यांनी हातातली शेंग खाली ठेवली आणि त्या मिस्कील हसल्या. "सहा वर्षांत एकाही शहाण्याला हे सुचलं नाही होय?"

गुरुवारी दुपारी सभा भरली ती खाली, भट्टीच्या शेडमध्ये, जिन्याच्या पायथ्याशी. आत्या खुर्चीवर, दादा आणि ताई उपड्या घातलेल्या साच्यांच्या पेट्यांवर, एकमेकांकडे पाठ होईल इतपत तिरपे. मधल्या पेटीवर वही आणि वहीवर मी. वकीलबाई म्हणाल्या, "माझ्या नेमणुकीचं बोलणं माझ्यासमोर नको," आणि फाटकाबाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

आत्यांनी आधी बाजारातले एक हलके वजन मागवले. एका हातात मी, दुसऱ्या हातात ते. डोळे मिटून तोलल्यासारखे केले. मग त्या वजनाच्या पाठीवरचा रंग नखाने खरवडला.

"ही नक्कल नाही," आत्या म्हणाल्या. "हा साचा आपलाच आहे. मासोळीचं शेपूट इथंच असं मोडकं येतं. दादा, खटला मागे का घ्यायचाय रे?"

दादा भिंतीवरच्या नियमाकडे बघत होते. 

"भट्टी बिघडली होती त्या वर्षी," ते शेवटी म्हणाले. "सातशे वजनं हलकी उतरली, शिशानंही भरून निघेनात इतकी. फोडायला आठवडा गेला असता, माणसं कमी होती. भंगारवाला म्हणाला, तशीच द्या, मी वितळवतो. मी दिली. न फोडता दिली, आत्या. त्यानं ती त्या व्यापाऱ्याला विकली, हे मला खटला भरल्यावर कळलं. कोर्टात उलटतपासणी झाली की सगळं बाहेर येणार. बाबांचा नियम मीच मोडला, हे मी कुठल्या तोंडानं सांगू?"

 ताई हळूच वळून बसल्या. त्या दादांवर तुटून पडतील असे मला वाटले होते.

"मला सांगायचंस ना, दादा," एवढेच त्या म्हणाल्या. मग थोडे थांबून, "मी पण वहीची पानं फाडायला निघाले होते."

"आणि मी न बघता सह्या ठोकत होते," आत्या म्हणाल्या. "घ्या! तिघंही नापास. आता फोडून काढायचं की खळग्यात शिसं भरायचं, बोला."

दादा कसेबसे हसले. आत्यांनी फाटकाकडे तोंड करून हाक मारली, "वकीलबाई, आत ये. तुला नेमायचं की नाही ते आम्ही ठरवू, पण आधी हे ऐक. मग हे काम घ्यायचं की नाही, ते तू ठरव."

वकीलबाईंनी उभ्याउभ्या सगळे ऐकले. "व्यापाऱ्यानं वजनं हलकी आहेत हे माहीत असून रंग देऊन विकली. खटला उभा राहतो. पण सातशे वजनांची गोष्ट आपण होऊन सांगावी लागेल. पहिल्याच दिवशी."

"मी सांगेन," दादा म्हणाले. "दुसऱ्या कोणी नको."

ठराव लिहिला गेला. तिघांनी एकमेकांसमोर, एकाच लेखणीने सह्या केल्या. दादांनी आपल्या वकिलांना तिथूनच फोन करून रजा दिली. मग आत्यांनी पुढची पाने उलटली आणि प्रत्येक महिन्याखालची आपली सही एकेक करून खोडली, शेजारी आजची तारीख घातली. "मी अजून तिथं पोचले नाहीये," त्या पुटपुटल्या. कारकुनांनी डोळे पुसले आणि सवयीने फडके माझ्याकडे वळवले. वकीलबाईंनी त्यांचा हात हलकेच धरला.

शुक्रवारी सकाळी कोर्टासमोर एक गंमत झाली. आत्या म्हणाल्या, त्यांनाही यायचे आहे. कोर्टाला चौदा पायऱ्या आहेत. दादांनी एक हात धरला, ताईंनी दुसरा. दर तीन पायऱ्यांना आत्या थांबत, गुडघ्याला दोन शब्द सुनावत आणि पुन्हा चढू लागत. मागून वकीलबाई मला पिशवीत घेऊन येत होत्या. त्यांना घाई असूनही त्या पुढे गेल्या नाहीत. मालकांनी सांगितले होते तसे तिघे मिळून ती पायरी चढत होते, आणि मला मालकांची फार आठवण आली.

"कंपनीतर्फे कोण?" न्यायाधीशांनी विचारले.

"मी, साहेब," वकीलबाई म्हणाल्या आणि ठराव पुढे ठेवला. शेजारी मला ठेवले, उलटा, शिक्का वर करून.

न्यायाधीशांनी दोन्ही पाहिले. मागच्या बाकावर धापा टाकत बसलेल्या आत्यांनाही पाहिले. "बोला," ते म्हणाले.

दादा आधी उभे राहिले आणि सगळे बोलले. त्याबद्दल कंपनीला चार खडे बोल ऐकावे लागले, आणि ते योग्यच होते. पण पुढे वर्षभराने निकाल लागला तेव्हा व्यापाऱ्याला ती वजने दुकानादुकानांतून परत गोळा करावी लागली. सातशेपैकी सहाशे बारा परत आली. दादांनी सदरा काढला आणि ती स्वतः घणाने फोडली. पुरता आठवडा लागला. शेवटच्या तुकड्यापर्यंत त्यांनी घण दुसऱ्या कोणाच्या हातात दिला नाही.

मी आता पुन्हा टेबलावर आहे, पण खालच्या खोलीत. सभा आता तिथेच भरते. भिंतीवर एक कागद आहे, त्यावर माझ्या पुढच्या तपासणीची तारीख आहे. तिची मी वाट बघतो, खोटे कशाला बोलू! कारकून मला आता आठवड्यातून एकदाच पुसतात, तेही हळूच.

मित्रांनो, वस्तू जपायची म्हणजे नुसती चकचकीत ठेवायची नव्हे. ती अजून खरी आहे का, हेही अधूनमधून पाहावे लागते. वस्तूचे तसेच माणसाचे. उद्या तुम्ही वर्गाच्या वतीने बोलाल, घराच्या वतीने बोलाल, कदाचित एखाद्या मोठ्या कंपनीच्या वतीनेही बोलाल. तेव्हा कोणी विचारले, "तुला कोणी नेमले?", तर रागावू नका. मी चाळीस वर्षे रागावलो आणि तीन ग्रॅम कमी भरलो. आमच्या कारखान्यात कधी आलात तर मला जरूर उचला. पण माझ्या पाठीवरची मासोळी बघून हरखून जाऊ नका. आधी मला उलटा करून बघा.